एका शेअरचे मालक

वसईच्या बाजारातल्या एका किराणा दुकानात मी आमच्या घरमालकांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते फळीवरचे बिस्किटांचे पुडे मागेपुढे करत होते. एका कंपनीचे पुडे पुढे ओढायचे, दुसऱ्या कंपनीचे मागे ढकलायचे आणि पुढे आलेल्यांवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसायची. मला वाटलं, दुकानातलाच माणूस आहे, म्हणून मी साबण मागितला. त्यांनी साबण दिला, पण मी मागितलेला नाही. "हा घ्या. आपला हाय," म्हणाले. दुकानदार गल्ल्यावर बसून बघत होता. गृहस्थ गेल्यावर त्याने सांगितलं की हे जवळच्या होळी गावचे बागायतदार, आठवड्यातून दोनदा येतात, फळी लावून देतात आणि चहाही न घेता जातात. चहा न घेण्याचं कारण, दुकानात येणारा चहा त्यांच्या कंपनीचा नसतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी होळीला त्यांच्याच माडीवर भाड्याने राहायला गेले, हा योगायोग. मी नालासोपाऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. भाड्याचं बोलणं सुरू होण्याआधी त्यांनी मला विचारलं, "टीचर, पंखा कुठला आणणार?" मी नाव सांगितलं. ते जरा दुखावल्यासारखे झाले आणि म्हणाले, "तो नको. आपला आणा, दोन पैसे जास्त पडतील." मी मुकाट्याने त्यांचा पंखा आणला. तो चांगला निघाला, हे कबूल करायला हवं. पुढे तो कधी कुरकुरला की ते शिडी घेऊन यायचे आणि पंखा उतरवून, पुसून, माझीच काहीतरी चूक असणार अशा नजरेने माझ्याकडे बघत परत टांगायचे.

त्यांच्याकडे बऱ्याच कंपन्यांचे शेअर होते आणि प्रत्येक कंपनीचा एकच. साबणाचा एक, सिमेंटचा एक, टायरचा एक, पंख्याचा एक. दुसरा त्यांनी कधी घेतला नाही. सभेच्या दारातून आत जायला एक पुरतो, दोन असले तरी खुर्ची एकच मिळते, असा त्यांचा हिशोब होता. सबंध आळी त्यांना चेअरमन म्हणायची. त्यात चेष्टा आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांनी ती गोड मानून घेतली होती.

त्यांच्या तरुणपणी शेअरबाजार वसईपासून फार लांब होता. आगगाडीने दीड तासावर, पण तिथे शिरायला ओळख लागायची, आणि ओळख असलेली माणसं आमच्या बाजूला राहत नव्हती. हे दर महिन्याला आपल्या वाडीतल्या विड्याच्या पानांचे पैसे व्यापाऱ्याकडून आणायला मुंबईला जायचे. त्या व्यापाऱ्याच्या जिन्यावरच एका दलालाची पेढी होती. तिथे जाऊन यांनी एक शेअर मागितला. दलाल म्हणाला, "हा भाजीबाजार नाही, सुटं मिळत नाही." पुढल्या महिन्यात हे परत गेले. तिसऱ्या खेपेला दलालाने कुणाचा तरी उरलासुरला एक शेअर यांच्या गळ्यात मारला, पुन्हा जिना चढू नये म्हणून. मग तो नावावर व्हायला सहा-सात महिने. अर्ज परत यायचा, कारण सही जुळायची नाही. आडनावाच्या शेवटी ते जो फराटा मारायचे तो त्या दिवशी पानांना काय दर मिळाला यावर लांब-आखूड व्हायचा. मग हा माणूस वाडीत बसून नागवेलीच्या पानावर नखाने सही गिरवायचा. त्यांच्या बायको, म्हणजे काकू, सांगायच्या, त्या दिवसांत यांच्या सह्या केलेली पानं कितीतरी जणांनी चुना लावून खाल्ली असतील.

शेअर नावावर झाला आणि कंपनीचं इंग्रजीतलं पत्र आलं की आपण वार्षिक सभेस यावे. पत्र पोस्टमननेच वाचून दाखवलं. यांनी राखाडी रंगाचा सफारी शिवला, सुकेळ्यांची पुडकी बांधली, म्हणजे आमच्याकडची राजेळी केळी वाळवून पानात गुंडाळतात ती, आणि मुंबईला गेले. सभागृहाच्या दारात गुरख्याने अडवलं. यांनी पत्र दाखवलं. गुरख्याने सलाम ठोकला.

"त्या सलामाने माणूस बिघडला," असं काकूंचं मत होतं. "तवापासून घरात सरळ बोलत नाय."

पुढली कित्येक वर्षं दर पावसाळ्यात, सभांचा मोसम सुरू झाला की, हे सफारी घालून निघायचे. सभेत हात वर करायचे आणि माइक मिळाला की "अध्यक्ष महाराज" अशी सुरुवात करून आपल्याला जे दिसलं ते विचारायचे. नफा-तोट्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. साबणवाल्यांना विचारलं, ओल्या हाताने वेष्टन फाटत नाही, माणसाने न्हाणीघरात दातांनी फाडायचं काय? टायरवाल्यांना विचारलं, तुमच्या गाड्या आमच्या पुलावरून एवढ्या जोरात का जातात? अध्यक्ष इंग्रजीत म्हणायचे की नोंद घेतली आहे. पुढे दोन-तीन वर्षांनी साबणाचं वेष्टन बदललं. ते बदलण्यामागे दुसरी शंभर कारणं असतील, पण होळीत तो साबण त्यानंतर यांनीच सुधारलेला साबण म्हणून ओळखला गेला.

सभेहून परत आले की ओटीवर बसून वृत्तान्त. त्यात मुख्य भाग खाऊच्या खोक्याचा. कंपन्यांची प्रकृती ते खोक्यावरून सांगायचे. सामोसा मोठा म्हणजे धंदा बरा. सामोसा गेला आणि वेफर्स आले म्हणजे वरच्या लोकांत भांडण आहे. एका कंपनीने नुसता चहा दिला तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत, आणि काही काळाने ती कंपनी खरोखरच बुडाली. त्यांचा एक शेअर बुडाला, पण अंदाज बरोबर आल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

घरात मात्र या मालकीचा जाच होता. काकूंचा मिक्सर बिघडला तर नवा यायला वर्ष गेलं, कारण मिक्सर करणाऱ्या कंपनीचा शेअर अजून मिळाला नव्हता. आधी शेअर, मग मिक्सर. तोवर काकू पाट्यावर वाटत होत्या आणि वाटता वाटता सगळ्या कंपन्यांचा उद्धार करत होत्या. लग्नात अहेर म्हणूनही हे शेअरच द्यायचे, एक, रंगीत कागदात बांधून. तो नावावर करून घेता घेता नवरा-बायकोचं पहिलं भांडण व्हायचं. आळीतल्या लोकांनी यांना लग्नाला बोलावणं सोडलं नाही, पण पत्रिकेवर अहेर आणू नये असं छापायला लागले ते यांच्यामुळे.

मग कागद गेले. शेअर संगणकात ठेवायचे झाले, त्यासाठी छापील कागद कंपनीला परत द्यावे लागले. यांनी ते भिंतीवर चौकटीत लावले होते. चौकटी रिकाम्या झाल्यावर त्यांनी मला माडीवरून खाली बोलावलं आणि म्हणाले, "टीचर, तुम्ही चित्र काढता ना. सिमेंटवाला कागद काढून द्या, होता तसा." मी काढून दिला, नक्षीसकट. तो अजून त्यांच्या भिंतीवर आहे.

इथवर सगळी गंमतच होती. मग आमच्या आळीच्या पश्चिमेला एका बांधकाम कंपनीने जमीन घेतली. ती खाजणाची जमीन, भरतीचं पाणी जिथे येतं-जातं ती. पावसाळ्यात आमच्या सगळ्या वाड्यांचं पाणी त्याच जमिनीवरून खाडीला जायचं. तिथे ट्रक यायला लागले आणि भराव पडायला लागला. पहिल्याच पावसाळ्यात यांच्या वाडीत पाणी साचलं. नागवेलीला ओल लागते, पण पायात पाणी साचलेलं चालत नाही, मुळं कुजतात. त्या वर्षी खालच्या अंगाच्या वेली गेल्या. वरचा अर्धा मळा वाचला. यांच्या आजोबांनी लावलेल्या मळ्याची ती वेल, कलमाकलमाने पुढे आणलेली.

आळीतली चार माणसं महानगरपालिकेत गेली, अर्ज देऊन आली. हे गेले नाहीत. त्यांनी त्या बांधकाम कंपनीचा एक शेअर घेतला.

"अर्ज कोण वाचते? मालकाला उत्तर द्यावा लागते," म्हणाले.

पण एवढ्या वर्षांत सभा बदलल्या होत्या. टाळेबंदीत त्या घरबसल्या व्हायला लागल्या आणि मग तशाच राहिल्या. ना गुरखा, ना सलाम, ना खोका. माझ्या लॅपटॉपसमोर हे सफारी घालून बसले. बोलायला दोन मिनिटं होती. यांनी पाण्याची सगळी हकिकत खणखणीत आवाजात सांगितली आणि ती संपल्यावर पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणाली की सर, आपला आवाज बंद आहे. आवाज सुरू करेपर्यंत वेळ संपला होता. अध्यक्षांनी आभार मानले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर येऊन त्यांनी मला आपला बेत सांगितला. एका मालकाला दोन मिनिटं. आळीतल्या प्रत्येक घराने एकेक शेअर घेतला तर किती मिनिटं होतील? "अर्धा दिवस ऐकावा लागेल त्यांना. एकच प्रश्न, पाणी कटे जायचा? एक संपला की दुसरा." कटे म्हणजे कुठे. मला तो बेत आवडला. आजही वाटतं, बेत चांगला होता.

यांचा पुतण्या विरारला, फुलपाड्यात राहायचा आणि मोबाइलच्या दुकानात कामाला होता. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. आता ते दलाल-बिलाल सगळं गेलं. आधार, पॅन, एक सेल्फी, बस. अकाउंट रेडी." ज्या दारासाठी काका तीन वेळा जिना चढले होते, ते दार आता ओटीवर आलं होतं. प्रत्येक खात्यामागे पुतण्याला ॲपवाल्यांकडून काहीतरी बक्षीस मिळत होतं, हे त्याने आम्हाला नंतर सांगितलं.

दोन रविवार ओटीवर जत्रा होती. फोन डोळे मिटा म्हणायचा तेव्हा लोक उघडे ठेवायचे आणि उघडा म्हणायचा तेव्हा हसायचे. वारस कोण, या प्रश्नावर एका घरात जी भांडणं झाली ती अजून मिटलेली नाहीत. शेजारच्या रोझी मावशी, मोगऱ्याची बाग करणाऱ्या, चर्चमधून थेट आल्या होत्या. त्यांना फोनने विचारलं, शेअरबाजाराचा अनुभव किती? मावशी म्हणाल्या, "जन्म गेला ह्यांच्या शेजारी. तो धरतात काय अनुभव?" दारावर येणारी मासेवालीही पाटी खाली ठेवून बसली. "मना पन एक द्या. पानी तुंबला तर आमच्या खाडीचा पन वाटोळा हाय."

दुसऱ्या रविवारी संध्याकाळपर्यंत सगळी आळी त्या कंपनीची मालक झाली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

पुढल्या सभेला अजून जवळजवळ वर्ष होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. शेअर घेतला की फोनवर त्याचा भाव दिसतो, वाढला की हिरवा, उतरला की लाल. हे काकांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी भाव कधी पाहिलाच नव्हता. रोझी मावशी रोज सकाळी मोगरा तोडता तोडता कुंपणावरून ओरडून भाव सांगायला लागल्या. "आज हिरवा हाय." काका मान हलवून आत निघून जायचे. मग कंपनीने भरावावर आणखी मनोरे बांधणार असल्याचं जाहीर केलं आणि भाव एकदम चढला. आळीत पेढे वाटले गेले. मावशींनी आणखी दहा घेतले. मासेवालीने पाच घेतले आणि त्या दिवशी बोंबील मापाला जास्त दिले. पारावर माणसं 'टार्गेट' वगैरे बोलायला लागली. मनोरे किती मजल्यांचे होणार, याची चौकशी आता काळजीने होत होती, कमी तर नाही ना करणार म्हणून.

काका घरोघर जाऊन प्रश्न पाठ करून घेत होते. सगळे पाठही करत होते. एकदा पुतण्याने मात्र त्यांना सरळ विचारलं, "काका, समजा त्यांनी खरंच काम थांबवलं, तर शेअर पडेल ना? नुकसान आपलंच."

काका म्हणाले, "मळा कोणाचा हाय?"

"मळा तुमचा. शेअर सगळ्यांचा ना," पुतण्या म्हणाला. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता.

सभेच्या दिवशी ओटीवर सगळे जमले. कंपनीने आमच्यातल्या नऊ जणांना बोलायची परवानगी दिली होती, काकांचं नाव शेवटी. या वेळी आवाज सुरू आहे की नाही ते मी तीनदा पाहिलं. पहिलं नाव रोझी मावशींचं. त्या पदर सावरून बसल्या, घसा साफ केला, काकांकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "साहेब, बोनस देणार काय?"

पुढच्याने व्यवस्थापनाचं अभिनंदन केलं. त्याच्या पुढच्याने विचारलं की दुसरा टप्पा लवकर सुरू करता येईल का. मासेवाली म्हणाली की सगळा चांगला चाललाय, असाच चालू दे. ती माणसं दुष्ट नव्हती. काकांच्या घरी काही झालं तर रात्रंदिवस धावून येणारी होती. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांची एखादी गोष्ट काही न करता वाढत होती, आणि तिला स्वतःच्या तोंडाने नजर लावणं त्यांच्याने होईना. मला त्यांचा इतका राग आला की मी लॅपटॉपवरची नजर काढली नाही.

मग काकांचं नाव आलं. ते उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, मी आपल्या कंपनीचा एका शेअरचा मालक. आमच्या वाडीचा पाणी त्या खाजणातून खाडीला जायचा. आता तिथे भराव हाय. तर पाणी कटे जायचा, तेवढा सांगा." दोन मिनिटांतला पुष्कळ वेळ उरला होता. ते तसेच उभे राहिले.

सगळ्यांचं झाल्यावर अध्यक्ष इंग्रजीत उत्तरं द्यायला लागले. काकांच्या प्रश्नाशी आले तेव्हा ते हसले आणि थोडं सविस्तर बोलले. ओटीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. काका म्हणाले, "काय म्हणाले ते सांगा, टीचर."

मी सांगितलं. अध्यक्ष म्हणत होते की पाण्याबद्दल काही लोकांनी महानगरपालिकेत अर्ज केल्याचं त्यांना ठाऊक आहे. पण आज या सभेत त्याच गावातले इतके भागधारक आहेत, त्यांनी कंपनीवर विश्वास दाखवून आपली बचत गुंतवली आहे, कामाला गती द्या असं तेच सांगताहेत. तेव्हा स्थानिक लोक या प्रकल्पाच्या बाजूने आहेत, हे आता कंपनी कुठेही अभिमानाने सांगू शकेल.

"कुठेही म्हणजे पालिकेत पण?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, तिथेही.

ते सावकाश खाली बसले. काकूंनी चहा आणला होता, तो सगळ्यांनी घेतला. कुणीतरी हळूच फोन बघितला. भाव हिरवाच होता.

त्या पावसाळ्यात पाणी तीन दिवस उतरलं नाही. रोझी मावशींच्या स्वयंपाकघरात शिरलं, मोगरा गेला. काकांचा वरचा मळाही गेला. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा मी शाळेत न जाता खाली उतरले. काका गुडघाभर चिखलात उभे राहून काळ्या पडलेल्या वेली उपटत होते आणि बांधावर टाकत होते. वास येत होता. मी आणि काकू टाकलेल्या वेली गोळा करत होतो. कुंपणापलीकडे मावशी आपल्या बागेत उभ्या होत्या, हातात फोन होता, पण त्या सकाळी त्या काही ओरडल्या नाहीत. काकांकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

काकांनी कंबर सरळ केली, हात सदऱ्याला पुसले आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, "किती झाला?"

मावशी रडायला लागल्या. रडता रडताच त्यांनी आकडा सांगितला. बराच वाढला होता.

"चांगला झाला," काका म्हणाले, आणि पुढची वेल उपटायला वाकले.